विटांच्या घराचा रंग दरजेपासून ठरवा

कराडहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तीन वर्षांपूर्वी घर बांधलं. तळमजला आणि जिन्याचा उंच भाग उघड्या विटांचा, वरचा मजला गिलाव्याचा. पैसे संपत आले म्हणून वरच्या मजल्याला तेव्हा फक्त प्रायमरचा हात दिला आणि रंग पुढे ढकलला. आता रंग द्यायचा आहे, पण घरात एकमत नाही. ताईंना पांढरा हवा आहे, मुलाला गडद करडा आणि सासऱ्यांना पिवळा. त्यातच जिन्याच्या विटांवर पांढरी पूड फुटली आहे. रंगाऱ्याचं म्हणणं, विटांवरच एक्स्टिरियर इमल्शनचे दोन हात मारून टाका, पूडही दिसणार नाही आणि रंगाचा मेळ घालायची कटकटही संपेल.

ताई, घराचे फोटो मी दोनदा पाहिले. विटा चांगल्या भाजलेल्या आहेत, कडा शाबूत आहेत. कृपा करून त्यांना रंग देऊ नका.

मी कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात २७ वर्षं बाहेरच्या रंगाची कामं घेतो. सुरुवातीच्या काळात मी नेमकं हेच काम एका बंगल्यावर केलं होतं. मालकांना विटांचा कंटाळा आला होता आणि मला काम हवं होतं. पहिलं वर्ष भिंत सुरेख दिसली. दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या बाजूला रुपयाएवढे फुगे आले. अंगठ्याने दाबला की फुग्यातून पाणी यायचं. दिवाळीपर्यंत पोपडे सुटले. एक पोपडा मी हातात घेऊन उलटा केला, तर त्याच्या पाठीला विटेचा लाल थर चिकटून आलेला होता. नुसता रंग सुटला असता तर खरवडून पुन्हा देता आला असता, पण इथे विटेचं तोंडच रंगाबरोबर निघून आलं होतं. ते कशानेही परत येत नाही. त्या दिवसापासून मी उघड्या विटेवर प्लास्टिकचा थर बसवणारा कुठलाही रंग दिलेला नाही.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात. वीट पाणी पिते. भारतीय मानकानुसार (आयएस १०७७) साधी वीट स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते आणि तरीही ती पास होते. म्हणजे तीन किलोची वीट अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पोटात घेऊ शकते. आपल्या गावठी भट्ट्यांतली कमी भाजलेली वीट याहूनही जास्त पिते. तुमच्याकडे उरलेली एखादी वीट असेल तर कोरडी वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. स्वयंपाकघरातल्या काट्यावरही अंदाज येतो. पावसाळ्यात प्यालेलं हे पाणी वीट ऊन पडलं की हवेत सोडून देते. इमल्शनने पुढची वाट बंद केली की कठड्यातून, भेगेतून, जमिनीतून आत आलेलं पाणी रंगाच्या मागे अडकतं. त्यात विरघळलेले क्षार तिथेच खडे धरतात आणि विटेचा पापुद्रा ढकलून काढतात.

तुमची पांढरी पूड म्हणजे हेच क्षार, आपण ज्याला लोणा म्हणतो तो. आज तो बाहेर येतोय, ही खरं तर बरी गोष्ट आहे. आत अडकला असता तर वाईट. ओल्या बोटाने पुसून बघा. विरघळून नाहीसा झाला तर तो क्षारांचा लोणा. तसाच राहिला तर ते बांधकामाच्या वेळचे सिमेंटचे डाग असणार.

फोटोत एक गोष्ट स्पष्ट दिसते. पूड जिन्याच्या वरच्या तीन-चार फुटांत आहे, खाली जोत्यापाशी नाही. म्हणजे पाणी जमिनीतून चढत नाही, वरून उतरतंय. कठड्याच्या माथ्यावर नुसता सिमेंटचा हात फिरवलेला दिसतो आणि त्याला आडवी भेग आहे. तिथे कडाप्पाची पट्टी बसवा, थोडा उतार गच्चीकडे द्या. पट्टी भिंतीच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच पुढे आली पाहिजे आणि पुढे आलेल्या भागाला खालून एक खाच मारून घ्या, म्हणजे थेंब खाचेशी तुटून खाली पडतो, भिंतीवरून ओघळत नाही. या एका खाचेने जेवढी भिंत वाचते तेवढी महागड्या रंगानेही वाचत नाही. छज्ज्यांच्या कडेलाही अशी खाच आहे का तेही बघा.

मग लोणा काढायचा. पाण्याने धुऊ नका. धुतल्यावर तो विरघळून परत विटेत जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर होतो. कोरड्या दिवशी, काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने वरून खाली घासा, पडलेली पूड झाडून उचलून टाका. पंधरा दिवसांनी पुन्हा. माझ्या अनुभवात पाण्याची वाट बंद झाल्यावर तीन-चार वेळा घासलं की लोणा थांबतो. तारेचा ब्रश, ग्राइंडर, वाळूचा फवारा यांपैकी काहीही विटेला लावू देऊ नका. भट्टीत विटेच्या अंगावर जी कडक साल तयार होते ती एकदा घासली गेली की आतला मऊ भाग उघडा पडतो आणि वीट आणखी पाणी प्यायला लागते. बाथरूमचं ॲसिडही नको.

पावसाचा भाग उघड्या विटांना झेपेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. केरळात कराडहून कितीतरी जास्त पाऊस पडतो. तिथे वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी अनेक वर्षं उघड्या विटांची घरं बांधली. तिरुअनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज हे त्यांचं गाजलेलं काम, भिंती गिलाव्याशिवायच्या. त्यांच्या इमारतींत छपराची पुढे आलेली वळचण भिंतीला सांभाळते. तुमच्या जिन्याला वळचण नाही, म्हणून पट्टीची आणि खाचेची एवढी कळकळ. सगळं कोरडं झाल्यावर विटांना सिलेन-सिलॉक्सेन जातीचं पाणीरोधक द्या. ते विटेत मुरतं, वर थर धरत नाही, चमकत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देतं. दुकानदार 'ब्रिक लॅकर' म्हणून चकचकीत काहीतरी पुढे करेल, ते घेऊ नका. पाणीरोधक लागू आहे की नाही ते नंतर दर पावसाळ्याआधी पाणी शिंपडून बघायचं. थेंब घरंगळला तर ठीक, वीट गडद झाली तर पुन्हा एक हात.

आता रंग. लोक काय करतात, शेड कार्ड विटेला लावून विटेशी जुळणारा रंग शोधतात. त्यातून पीच, गुलाबी, विटकरी, बिस्किटी असले रंग निघतात आणि घर सगळंच मळकट लाल दिसतं. विटेसारखा रंग विटेशेजारी ठेवला की दोन्ही फसतात. रंगाची वीट खोटी दिसते आणि खरी वीट जुनाट. म्हणून मी विटेकडे नाही, दोन विटांमधल्या दरजेकडे, म्हणजे सिमेंट-वाळूच्या सांध्याकडे बघतो.

हिशेब करून बघा. ९ इंच लांब, ३ इंच उंच वीट आणि मध्ये साधारण एक सेंटिमीटरची दरज धरली, तर भिंतीचा जवळजवळ १५ टक्के भाग दरजांचा असतो. जवळून आपल्याला विटा दिसतात, पण रस्त्यापलीकडून डोळा विटा आणि दरजा एकत्र मिसळून बघतो. तीच वीट पांढरट दरजेत केशरी आणि हलकी वाटते, काळपट दरजेत जांभळट आणि जड वाटते. विटेच्या भिंतीत जो दुसरा रंग आधीपासून आहे तो दरजेचा. गिलाव्याचा रंग त्या घराण्यातला घेतला की वरचा मजला आणि खालचा मजला एकमेकांशी आपोआप बोलू लागतात.

तुमच्या दरजा कुठल्या रंगाच्या आहेत? तीन वर्षांपूर्वीचं बांधकाम, म्हणजे बहुधा नदीची वाळू नाही, क्रश सँड. आपल्याकडची क्रश सँड म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड दळून केलेली वाळू. सिमेंटचा राखाडी रंग आणि या काळ्या दगडाची भुकटी मिळून तुमच्या दरजांना तो किंचित हिरवट करडा रंग आला आहे. नदीच्या वाळूच्या जुन्या दरजा तपकिरी असायच्या. तेव्हाच्या घरांना बदामी रंग का शोभायचा आणि आज तोच रंग नव्या घरावर का बिघडतो, याचं निम्मं उत्तर या वाळूत आहे. खिळ्याने दरज थोडी खरवडा, भुकटी पांढऱ्या कागदावर घ्या आणि ती घेऊन रंगाच्या दुकानात जा. शेड कार्ड या भुकटीला लावायचं.

हा करडा रंग जसाच्या तसा वर द्यायचा नाही. वरच्या मजल्याला त्याचाच खूप पातळ केलेला, पांढऱ्यात मिसळलेला अवतार. जोत्याला, छज्ज्यांच्या कडांना आणि स्लॅबच्या पट्ट्याला त्याचाच दाट अवतार. एकच रंग तीन दाटपणांत: वर फिका, दरजेत मधला, खाली गडद. मध्ये लाल वीट. बहुतेक घरांना एवढं पुरतं.

ताई, इथे तुमचा पांढरा येतो, पण कागदासारखा पांढरा नाही. त्याला कारण आहे. डोळा भडक रंगाशेजारच्या फिक्या रंगात त्याच्या विरुद्ध रंगाची झाक पाहतो. फ्रान्समधल्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्या कापडातला काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर रंग नीट होता, फरक शेजारच्या रंगाने पाडला होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथच लिहिला. तुमच्या घरी हेच होणार. केशरी-लाल विटेशेजारी शुद्ध पांढरा निळसर, हॉस्पिटलसारखा थंड दिसेल. थंड करडा तर चक्क निळा दिसेल. म्हणून पांढऱ्यात आधीच थोडी ऊब घालून ठेवायची. शेड कार्डावर पांढऱ्यांचं पहिलं पान सोडून द्या. पुढच्या पानावर चिमूटभर काळा आणि चिमूटभर पिवडी (मातकट पिवळा रंग) पडलेले पांढरे असतात. जुन्या चुन्याच्या भिंतीला चार-पाच वर्षांनी जो रंग येतो तो डोळ्यासमोर आणा.

शेड कार्डावर किंवा कंपनीच्या साइटवर प्रत्येक रंगाचा एलआरव्ही नावाचा आकडा मिळतो. रंग किती उजेड परतवतो त्याचं हे माप, ० म्हणजे काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. कागदी पांढरा ८५ च्या आसपास किंवा वर असतो. आपल्या उन्हात एवढ्या पांढऱ्या भिंतीकडे दुपारी बघवत नाही आणि शेजारची वीट काळी पडल्यासारखी दिसते. तुमच्या वरच्या मजल्याला ६५ ते ७२ च्या दरम्यानचा रंग घ्या. दुकानातल्या ट्यूबखाली तो तुम्हाला मळका वाटेल, विश्वास बसणार नाही. भिंतीवर कराडच्या उन्हात तो पांढराच दिसतो.

मुलाला गडद करडा हवा आहे. त्याची आवड चुकीची नाही, जागा चुकीची आहे. काळा दगड आणि लाल वीट ही या भागातली फार जुनी जोडी आहे. पुण्यात शनिवारवाड्याच्या तटाकडे बघा. १७३० मध्ये ज्याचा पाया घातला त्या वाड्याच्या तटात खाली घडीव काळा दगड आणि वर विटा आहेत. जड आणि गडद रंग खाली, लाल वर. डोळ्याला ते स्थिर वाटतं. वरचा अख्खा मजला गडद करडा केला तर घर डोक्यावर ओझं घेतल्यासारखं दिसेल, तेही खाली लाल असताना. शिवाय पश्चिमेची भिंत. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीनला गडद भिंतीवर हात ठेववत नाही. ती भिंत दिवसभर तापते, रात्री आकसते आणि गिलाव्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. आतली खोलीही तापते. तेव्हा मुलाला सांगा, गडद करडा जोत्याला, छज्ज्यांच्या कडांना, स्लॅबच्या पट्ट्यांना आणि ग्रिलला. जोत्याला तर तो हवाच. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून दीड-दोन फुटांपर्यंत माती उडवतात. फिक्या जोत्यावर पहिल्याच पावसात तपकिरी झालर तयार होते.

स्लॅबच्या कडेचा जो काँक्रीटचा पट्टा विटांच्या मधून जातो, त्याला पांढरा देण्याचा मोह सगळ्यांना होतो. देऊ नका. पांढरी रेघ भिंतीचे दोन तुकडे करते. दरजेपेक्षा किंचित गडद करडा दिला की पट्टा भिंतीत विरघळतो.

आणि सासऱ्यांचा पिवळा. यावर घरात हसू झालं असं तुम्ही लिहिलंत, पण मला त्यांचं म्हणणं सगळ्यात जास्त पटलं. त्यांच्या पिढीच्या डोळ्यात पिवडीचा पिवळा आहे. पिवडी म्हणजे पाणी धरून असलेलं लोखंडाचं ऑक्साइड. ती तापवली की त्यातलं पाणी उडतं आणि ती लाल होते. काव म्हणतो ती हीच लाल. विटेच्या मातीचंही भट्टीत तेच होतं, मातीतलं लोखंड तापून लाल होतं. म्हणजे पिवडी आणि वीट ही सख्खी भावंडं आहेत, एक तापलेलं, एक न तापलेलं. म्हणून मातकट पिवळा विटेशेजारी कधी खटकत नाही. खटकतो तो लिंबासारखा पिवळा, ज्यात थोडी हिरवट झाक असते. फरक एवढाच की अख्खा वरचा मजला पिवडीचा केला तर वीट आणि भिंत दोघी उबदार, डोळ्याला विसावा कुठेच नाही. पुढच्या पडवीची आतली भिंत आणि छत पिवडी द्या. तिथे ऊन थेट पडत नाही, सावलीत तो रंग खुलतो, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर तिथे बसून तुमचे सासरेच सगळ्यात आधी समाधानाने बघतील.

पिवडीची आणखी एक बाजू टिकाऊपणाची आहे. लोखंडाच्या ऑक्साइडपासून होणारे रंग, म्हणजे मातकट पिवळा, गेरूचा लाल, तपकिरी आणि काळा, उन्हाला आणि सिमेंटच्या क्षाराला दाद देत नाहीत. भडक पिवळे, लाल, जांभळे, काही चमकदार हिरवे बहुतेकदा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि त्यातले बरेच दोन-तीन उन्हाळ्यांत पश्चिमेला उडून जातात, पूर्वेला तसेच राहतात. मग घर दोन रंगांचं दिसतं. दुकानात मशिनवर रंग मिसळताना पडद्यावर कुठलं रंगद्रव्य किती पडलं ते दिसतं. दुकानदाराला सरळ विचारा, यात यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड आणि ब्लॅक यांच्याशिवाय काही आहे का? तोच दिसणारा रंग ऑक्साइडमधून मिळत असेल तर तोच घ्या.

तुमची वीट केशरीकडे झुकणारी आहे म्हणून मी हे रंग सुचवतोय. वायरकट (यंत्रात तारेने कापलेल्या) विटा किंवा जास्त भाजलेल्या विटा जांभळट असतात, त्यांना थोडा थंड, राखेसारखा करडा चालतो आणि पिवडी थोडकीच बरी. फिक्या, गुलाबीसर विटा असतील तर क्रीम आणि पीच यांच्या जवळपासही जाऊ नये, चुन्याचा पांढरा आणि सागवानी तपकिरी त्यांना उठाव देतात. हिरवा कोणाला हवाच असेल तर सुकत आलेल्या कडुलिंबाच्या पानासारखा मळकट हिरवा, तोही दारापुरता. तुमचं दार सागवानाचं आहे, त्याला रंग नकोच. नुसतं तेल द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याला लोक अर्धा दिवस द्यायला तयार नसतात. नमुना. शेड कार्डावरचा तुकडा पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो, त्यावरून घराचा रंग ठरवू नका. तीन रंगांचे एकेक लिटरचे डबे आणा. गिलावा आणि वीट जिथे एकमेकांना भिडतात तिथे, वीट नजरेत येईल असे, ३ बाय ३ फुटांचे तीन चौकोन रंगवा, दोन हात देऊन. प्रायमरच्या पांढऱ्यावर कुठलाही नमुना आहे त्यापेक्षा गडद दिसतो आणि अख्खी भिंत झाल्यावर तोच रंग उजळ वाटतो. म्हणून दोन रंगांत घोळ होत असेल तर थोडा मळका, थोडा गडद असलेला निवडा.

मागच्या वर्षी साताऱ्याजवळच्या एका घरी आम्ही असेच चौकोन केले होते. सकाळी आठला घरच्यांना मधला आवडला. दुपारी बाराला मधला आणि उजवा यांत फरकच कळेना, दोन्ही पांढरे. मग मी बागेची नळी घेऊन शेजारची वीट चिंब भिजवली. भिजलेली वीट दोन छटांनी गडद होते. भिजल्या विटेशेजारी मधला रंग एकदम निळसर पडला, आणि डावा, ज्याला सकाळी सगळे मळका म्हणत होते, तो उबदार होऊन विटेला चिकटून बसला. संध्याकाळी पावणेसहाला तिरपं ऊन आलं तेव्हा घरातल्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, "हाच ठेवा, हा घराचा वाटतो." वर्षातले चार महिने आपल्याकडे भिंत ओली असते. ओल्या विटेशेजारी जो रंग टिकतो तो खरा. तुम्हीही सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री फाटकाच्या दिव्यात बघा, कोरडं आणि ओलं दोन्ही बघा, आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघा. जवळून बघून घेतलेला निर्णय जवळच्यांनाच आवडतो.

राहिलेल्या बारीक गोष्टी. खिडक्या पांढऱ्या यूपीव्हीसीच्या दिसतात, त्या आता बदलणार नाहीत. म्हणून तुमचा ऊबदार पांढरा फार पिवळा होऊ देऊ नका, नाहीतर खिडक्या निळ्या दिसतील. ग्रिलला काळ्याजवळ जाणारा करडा. ग्रिलवर रेड ऑक्साइड प्रायमर मारून तसंच वर्षभर सोडू नका, तो लाल विटेशेजारी गंजासारखा दिसतो. पावसाच्या पाण्याचे पाइप ज्या भिंतीवरून जातात त्या भिंतीचा रंग त्यांना द्या. विटेवरून जाणाऱ्या पाइपला विटेच्या सरासरी रंगाचा, किंचित तपकिरी. आधी पॉलिश पेपर मारा, गुळगुळीत पाइपवर रंग धरत नाही. पुढच्या पडवीवर मंगलोरी कौलं घालायचा विचार आहे असं म्हणता, तर कौलांचा लाल आणि विटांचा लाल एकमेकांना भिडू देऊ नका. दोन्ही लाल वेगळ्या मातीचे, वेगळ्या भट्टीचे, शेजारी आले की भांडतात. मध्ये निदान सहा इंचांची लाकडाची किंवा करड्या रंगाची पट्टी हवी.

रंग चकचकीत घेऊ नका. वीट मुळात बिनचमकीची आहे. तिच्याशेजारी चमक आली की गिलाव्यातले उंचसखल भाग संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. मॅट किंवा अगदी कमी चमकीचा बाहेरचा इमल्शन. तीन वर्षांचा प्रायमर उन्हाने भुकटीसारखा झाला असेल. काळा कपडा भिंतीवर फिरवून बघा, पांढरा झाला तर घासून, धुऊन, वाळवून प्रायमरचा नवा हात द्या आणि मगच रंग. जुन्या प्रायमरवर थेट रंग देऊन दोन दिवस वाचवणारे रंगारी असतात, त्यांना ते करू देऊ नका.

विटांना रंग द्यायचाच असा घरात हट्ट उरला तर चुना द्या. चांगला भिजवलेला, वस्त्रगाळ केलेला चुना, थोडी तुरटी, थोडा सरस. मीठ घालायची जुनी पद्धत आहे, ती विटेवर नको, लोणा आपण स्वतः विकत आणल्यासारखं होईल. चुना विटेला श्वास घेऊ देतो आणि नकोसा झाला तर पावसाबरोबर हळूहळू उतरतो. इमल्शन उतरत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. दिवाळीनंतर कठड्याची कडाप्पा पट्टी आणि भेगा. डिसेंबर ते फेब्रुवारी कोरडा ब्रश, दर पंधरा दिवसांनी. मार्चमध्ये नमुन्याचे चौकोन. एप्रिलमध्ये गिलाव्याचा रंग, सकाळी पश्चिमेची भिंत आणि दुपारनंतर पूर्वेची, म्हणजे ब्रश कायम सावलीत राहील. तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे राहतात. विटांना पाणीरोधक सगळ्यात शेवटी, मेच्या पहिल्या पंधरवड्यात, पावसाळ्याच्या आधी. त्या वेळी रंगवलेल्या गिलाव्यावर प्लास्टिकचा कागद लावून घ्या, पाणीरोधकाचे थेंब नव्या रंगावर उडाले तर डाग राहतात आणि ते पुसले जात नाहीत.